पहिली दहा मिनिटे

बीएमडब्ल्यूच्या एम-५ या गाडीची चौथी पिढी २००५ साली बाजारात आली. कंपनीच्या संकेतानुसार तिला ई-६० म्हणतात. बाहेरून पाहावे तर रोज कचेरीला जाणाऱ्या साहेबाची सेडान. चार दारे, पाच जणांची बसायची सोय, मागे प्रवासाच्या बॅगा मावतील एवढी डिकी. बॉनेटखाली मात्र पाच लिटरचे, दहा सिलिंडरचे व्ही-१० इंजिन, ताकद ५०७ पीएस. साधे पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर दमते. हे ८,२५० पर्यंत चढते आणि वर जाता जाता अधिकच मोकळे होते.

हे इंजिन शर्यतीच्या मैदानावरून आले असे म्हणतात. त्यात जाहिरातीचा भाग आहे, पण ते निव्वळ जाहिरातही नाही. २००० ते २००५ या काळात बीएमडब्ल्यू फॉर्म्युला वनमध्ये विल्यम्स संघाला व्ही-१० इंजिने पुरवत होती. त्या इंजिनांचे ओतकाम बव्हेरियातल्या लँड्सहूट इथल्या ज्या कारखान्यात होई, तिथेच एम-५ च्या इंजिनाचा ब्लॉकही ओतला जाई. फॉर्म्युला वनने व्ही-१० चा निरोप घेतला तो २००५ च्या हंगामानंतर. म्हणजे मैदानावर जे इंजिन अखेरच्या फेऱ्या मारत होते, त्याचे भावंड त्याच वर्षी मुलांना शाळेत सोडायला निघाले. वेगवान इंजिन साध्या अंगाच्या गाडीत घालण्याची ही परंपरा १९८५ च्या पहिल्या एम-५ पासूनची. तिच्यात बीएमडब्ल्यूच्या एम-१ या स्पोर्ट्‌सकारच्या इंजिनाचा अवतार होता, २८६ पीएसचा. पण त्या घराण्यात दहा सिलिंडर फक्त याच पिढीला लाभले. पुढच्या पिढीत आठ सिलिंडर आणि टर्बो आले.

नवी असताना जर्मनीत या गाडीला ८० हजार युरोंहून जास्त मोजावे लागत. आज तिथे साधी नवी हॅचबॅक ज्या पैशांत येते, त्याच्या आसपास ती मिळते. म्युनिक किंवा श्टुटगार्टमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरलाही ती परवडेल अशी वाटते. पण घसारा गाडीच्या किमतीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. वीस वर्षांनी गाडीची किंमत चौथाईवर येते. ब्रेकच्या डिस्कची, क्लचची, टायरची मात्र येत नाही. हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक असते. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे. अशी गाडी घेताना आपण एक यंत्र घेतो, आणि त्याच्यासोबत आधीच्या प्रत्येक मालकाच्या सवयीही घेतो. त्यातली निर्णायक सवय एकच: थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो गाडी कशी चालवत होता.

याचे उत्तर इंजिनाच्या पोटात, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये लिहिलेले असते.

रॉडचे वरचे टोक पिस्टनला आणि खालचे क्रँकशाफ्टला धरून असते. खालच्या टोकाशी दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्या समोरासमोर बसतात. त्यांना बेअरिंग शेल म्हणतात. दहा रॉड, म्हणजे वीस शेल. एक शेल हातात घेतला तर वजन जाणवतही नाही. पाठीला पोलाद, त्यावर तांबेमिश्रित धातूचा थर आणि सर्वांत वर मऊ धातूचा पातळ लेप. लेप मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, तेलातून एखादा बारीक कण आलाच तर तो क्रँकशाफ्टला ओरखडा काढण्याऐवजी लेपात रुतून बसावा म्हणून. नवा शेल मंद करडा दिसतो, सगळीकडे सारखा. झिजलेला शेल उजेडात जरा तिरका धरला की करड्या रंगातून तांबूस पट्टे डोकावतात. लेप गेला, आता खालचा थर घासतो आहे. आणखी झिजलेल्या शेलवर बोट फिरवले तर नखाला खाचा लागतात.

हा शेल आणि क्रँकशाफ्ट चालू इंजिनात एकमेकांना शिवत नाहीत, निदान शिवू नयेत अशी योजना असते. दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश एवढी फट असते आणि तीत दाबाखाली तेल येत राहते. क्रँकशाफ्ट फिरू लागला की तो तेलाला स्वतःखाली ओढतो, तेलाची पाचर तयार होते आणि सगळा भार त्या पाचरीवर तरंगतो. ८,२५० फेऱ्यांना हा भार किती असतो याचा अंदाज घ्या. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७५.२ मिलिमीटर जातो आणि सेकंदाला १३७ वेळा वर-खाली होतो. सरासरी वेग सेकंदाला २० मीटरहून जास्त, आणि दर सेकंदाला २७५ वेळा पूर्ण थांबून उलट दिशेने धाव. त्या प्रत्येक थांब्याचा हिसका शेलवरच्या तेलाच्या पापुद्र्याला सोसावा लागतो.

म्हणूनच या इंजिनासाठी कंपनीने १०-डब्ल्यू-६० या प्रतीचे तेल सांगितले. पूर्ण तापल्यावरही ते पातळ होऊन हार मानत नाही. अडचण थंड असतानाची. हिवाळ्यातल्या म्युनिकच्या सकाळी हे तेल काकवीसारखे वागते. पंप ते ढकलतो, दाबाचा आकडा भरघोस दिसतो, पण जाड तेल बारीक फटीपर्यंत कमी पोचते. अशा वेळी कोणी घाईने एक्सलेटर तळाशी दाबला तर हिसका पूर्ण, पण पापुद्रा अर्धा. शेल त्या दिवशी जात नाही. थोडा लेप जातो, एवढेच. आणि असे वर्षातून शंभर दिवस झाले तर?

या इंजिनात ती फट मुळातच कमी ठेवली गेली, असे युरोप-अमेरिकेतल्या अनेक स्वतंत्र कारागिरांचे मत आहे. काहींचा रोख तेलाच्या जाडीवर आहे. वाद मिटलेला नाही. शेलच्या धातूचाही एक उपकथाभाग आहे. सुरुवातीच्या शेलमध्ये शिसे होते; पुढे युरोपीय संघाच्या शिसेबंदीच्या नियमांमुळे ते काढून टाकावे लागले, आणि नव्या शेलची झीज जुन्यासारखी तांबूस रंग दाखवून सावध करत नाही. कारण कोणतेही धरा, कारागिरांच्या सल्ल्यात फरक पडत नाही: शेल ही ब्रेकच्या पॅडसारखी ठरावीक काळाने बदलायची वस्तू माना. बरेच जण लाखभर किलोमीटरच्या आसपास ते काम करून घ्यायला सांगतात. त्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागत नाही. ते वरून टांगून धरतात, खालची सबफ्रेम उतरवतात, तेलाचा संप काढतात आणि एकेक रॉडचे टोपण सोडतात. रॉडचे बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत, कारण आवळताना ते ताणले जातात. नवे बोल्ट आधी ठरावीक जोराने आणि मग ठरावीक अंशातून फिरवून आवळावे लागतात. या कामाचे बिल मोठे असते. पण शेल फिरून क्रँकशाफ्ट खाल्ला गेला तर येणारे बिल बहुधा गाडीच्या किमतीलाच भिडते.

थंड तेलाचा धोका कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक होता, आणि त्यांनी चालकाला तो अतिशय सुंदर रीतीने सांगून ठेवला आहे. एम-५ च्या फेऱ्या दाखवणाऱ्या घड्याळात लाल पट्टा एका जागी छापलेला नाही, तिथे दिव्यांची रांग आहे. इंजिन थंड असताना दिवे बरेच खालपासून पेटलेले असतात: इथून वर जाऊ नका. तेल तापत जाईल तसा एकेक दिवा विझतो आणि मुभा वर सरकत जाते. सोबत तेलाच्या तापमानाचा काटाही आहे. हा काटा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी लवकर तापते, पाण्याचा काटा मध्यावर आला की बहुतेक जण निर्धास्त होतात. तेलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. उभ्या जागी इंजिन चालू ठेवून तापवणेही बरे नाही. सुरू करावे, अर्ध्या मिनिटात निघावे आणि दिवे विझेपर्यंत हलक्या पायाने चालवावे. आणखी एक सोय अशी की गाडी सुरू होते ती ४०० पीएसवर. उरलेली ताकद हवी असेल तर बटण दाबून मागावी लागते.

आता घेणाऱ्यापुढचा प्रश्न. विकणाऱ्याची ही सवय ओळखायची कशी? विचारून उपयोग नाही, सगळे जण जपूनच चालवलेली गाडी विकतात. कागद बोलतात. या इंजिनांना पहिल्या २,००० किलोमीटरला एक खास सर्व्हिस लागायची, तेल आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल बदलण्याची. सर्व्हिस-पुस्तकात तो शिक्का आहे का, हे आधी पाहावे. गाडीचा संगणक तेल बदलायला सुमारे २५ हजार किलोमीटरपर्यंत मुभा देतो. ज्याने यंत्र समजून घेतले आहे, तो मालक त्याच्या निम्म्या अंतरावर तेल बदलतो आणि पावती जपून ठेवतो. मधल्या काळात वरून घातलेल्या एकेक लिटर तेलाच्या पावत्या दिसल्या तर मी त्या गाडीकडे जास्त आदराने पाहीन. हे इंजिन तेल पिते, आणि कोणीतरी त्याची पातळी नियमित पाहत होते याचा तो पुरावा आहे. ब्रिटनमध्ये तर दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो, प्रत्येक तपासणीच्या वेळच्या किलोमीटरच्या, म्हणजे त्यांच्या मैलांच्या, नोंदीसह. वर्षाला हजारभर मैलच चाललेली गाडी पाहून हुरळून जाऊ नये. एवढे कमी चालणे म्हणजे बहुधा जवळच्या चकरा, म्हणजे तेल पुरते तापायच्या आत इंजिन बंद. त्यापेक्षा महामार्गावर लांब पल्ल्याला नियमित चाललेली, आकडा दुप्पट दाखवणारी गाडी मी पसंत करेन.

दुसरा पुरावा कानाने मिळतो. सौदा पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे, आणि पोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवावा. ऊब लागली तर नमस्कार करून परत यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड सुरुवातीला या व्ही-१० चा आवाज तसाही खडबडीत असतो. ऐकायची ती खालून येणारी, फेऱ्यांबरोबर वाढणारी ठकठक. ती असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. तिसरा पुरावा प्रयोगशाळेचा. वापरलेल्या तेलाचा नमुना पाठवला की त्यात शिसे, तांबे, कथील किती आहे हे कळते. एका अहवालावरून फार काही ठरत नाही, ओळीने तीन-चार असतील तर चढ दिसतो. तरी सगळी झीज तेलात सापडतेच असे नाही.

बाकीच्या दुखण्यांना मी एवढी जागा देणार नाही, कारण ती दिसतात आणि पैशांनी मिटतात. इंजिनाच्या दहाही सिलिंडरना स्वतंत्र थ्रॉटल आहे आणि ते हलवणारे दोन ॲक्च्युएटर आहेत. त्यांच्या आतले दाते झिजले की गाडी ताकद रोखून धरते. कॅमशाफ्टचा कोन बदलणारी व्हॅनोस यंत्रणा खूप जास्त दाबाच्या तेलावर चालते, तिच्या नळ्या आणि पंपही थकतात. गिअरबॉक्सचे मात्र बारकाईने पाहावे. उत्तर अमेरिकेबाहेर ही गाडी एसएमजी नावाच्या सात गिअरच्या यंत्रणेसहच मिळाली. तिच्यात क्लच एकच, साध्या मॅन्युअल गाडीसारखा, फक्त तो दाबायचे काम पाय करत नाही, हायड्रॉलिक पंप करतो. चालकाला क्लचचे पेडल नसल्याने ही गाडी ऑटोमॅटिक आहे असे वाटते, आणि मग तो चढावर, वाहतुकीच्या रांगेत ती एक्सलेटरवर धरून उभी करतो. क्लच आत जळत राहतो. पंप आणि त्याची मोटर गेली तर खर्च क्लचच्याही वर जाऊ शकतो. टायर पुढे २५५ आणि मागे २८५ मिलिमीटर रुंदीचे, त्यामुळे पुढचे मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची सोय नाही. विकणाऱ्याने चारही चाकांना चांगल्या कंपनीचे सारखेच टायर घातले असतील तर ती शुभ खूण. मागे दोन भलतेच स्वस्त टायर दिसले तर काटकसर आणखी कुठे कुठे झाली असेल, त्याचा विचार करावा.

रोजचा खर्च साधा आहे आणि मोठा आहे. अधिकृत सरासरी १०० किलोमीटरला १४.८ लिटर, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटर. टाकी ७० लिटरची. शहरात लिटरला याहून बरेच कमी अंतर पडते. ब्रिटनमध्ये करातही एक मोठी विचित्र गोष्ट आहे. तिथला वार्षिक कर गाडीच्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो, आणि ही गाडी किलोमीटरला ३५० ग्रॅमच्या आसपास सोडते. पण २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना करात वरची मर्यादा आहे, नंतरच्यांना नाही. एकाच महिन्यात बांधलेल्या, एकसारख्या दोन एम-५, नोंदणीत आठवड्याचा फरक, आणि नंतरच्या गाडीचा कर दीडपटीहून जास्त. नोंदणीची तारीख पाहून गाडी निवडणारे तिथले लोक शहाणेच म्हणायचे.

या गाड्यांचा मालक-क्रमही ध्यानात घ्यावा. पहिला मालक बहुतेकदा कंपनीच्या पैशांवर गाडी वापरतो आणि ठरल्या वेळी सर्व्हिस करतो. दुसरा हौसेने घेतो. किंमत आणखी उतरली की ती अशा माणसाच्या हाती जाते, ज्याला ती घेणे जमते पण पोसणे जमत नाही. तो तेल पुढे ढकलतो, टायर पुढे ढकलतो, शेलचे काम पुढच्या मालकावर सोडतो. म्हणून बाजारातली सर्वांत स्वस्त एम-५ सहसा सर्वांत महाग पडते. माझा आग्रह असा की जवळच्या पैशांतला निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावा, आणि उरलेल्या पैशांत बसेल तीच गाडी पाहावी.

जर्मनीतून अशी गाडी इकडे आणण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागते, आणि परवानगीत बसणारी गाडीही उतरवता येते ती फक्त मुंबई बंदरात. पण हे प्रकरण आपल्याकडे लागू पडतच नाही असे नाही. स्कोडाचा औरंगाबादजवळचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याचा कारखाना २००१ साली ऑक्टेव्हियापासून सुरू झाला. त्याच ऑक्टेव्हियाची २०१७ ची आरएस आवृत्ती आज पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात वेगाच्या वेड्यांची पहिली निवड आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २३० पीएस, आणि बाजारात आली तेव्हाची किंमत २४.६२ लाख रुपये. २०२० साली २४५ पीएसची फक्त २०० गाड्यांची खेप आली.

इथे मालकाची सवय वेगळ्या ठिकाणी लपते. टर्बो इंजिनाचा संगणक पुन्हा लिहून ताकद वाढवणे, म्हणजे रिमॅप करणे, सोपे आहे, आणि विकण्याआधी मूळ प्रत परत चढवणेही तेवढेच सोपे. पण संगणकात किती वेळा लेखन झाले याची मोजणी राहते, आणि जाणकार मिस्त्री ती वाचू शकतो. ती वाचून घ्यावी. सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचे तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचे असते. त्याचे बिल मागावे. बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेला, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली विजेरी लावून पाहावे. तिथे वाळलेल्या गुलाबी कूलंटची खपली दिसली तर गळती सुरू झालेली आहे. गाडी रॅम्पवर चढवावी, कारण आपल्या गतिरोधकांनी पोटाचे काय केले ते वरून दिसत नाही.

आणि विमा. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी नावावर होते, पण विमा कंपनीला चौदा दिवसांत वेगळे कळवावे लागते. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो. पाच वर्षांपुढच्या गाडीचे विमामूल्य, आयडीव्ही, कंपनी आणि मालक परस्पर संमतीने ठरवतात. एजंट ते कमी धरायला सुचवतो, हप्ता थोडा उतरतो, आपण हो म्हणतो. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण बाद धरली जाते. आठ लाखांच्या आयडीव्हीवर ती रेषा सहा लाखांना येते. एलईडी दिवा, रेडिएटर, इंटरकूलर, एअरबॅग आणि पुढची फ्रेम यांच्या किमती २४ लाखांच्या गाडीच्या असतात, त्यामुळे एका बऱ्यापैकी धडकेत ती रेषा ओलांडली जाते. मग सहज दुरुस्त होऊ शकली असती अशी गाडी भंगारात निघते, आणि हाती येतात ते आपणच कमी करून घेतलेले आठ लाख.